आग कापसाची, सिलिंडर पावडरचं: एका जिनिंगमधली अग्निशामकांची फेरमांडणी

यवतमाळ जिल्ह्यात वणी-पांढरकवड्याकडे जा, नाहीतर वर्ध्यात हिंगणघाट-पुलगावकडे, मध्यम आकाराच्या जिनिंग-प्रेसिंगची मांडणी बहुतेक सारखीच दिसते. रस्त्याला लागून गेट आणि काटा, मागे कापसाच्या गंज्यांसाठी काँक्रीटचं आवार, मधोमध जिन हॉल, त्याला जोडून पाला हाऊस (जिनमधली रुई जिथे येऊन पडते) आणि प्रेस, सगळ्यात शेवटी गाठींचं गोदाम. हे प्रकरण अशाच एका जिनिंगचं आहे. ते कुणा एका मालकाचं नाही. मापं आणि घटनाक्रम या पट्ट्यातल्या नेहमीच्या परिस्थितीवरून धरले आहेत.

हॉल ४० मीटर लांब, १५ मीटर रुंद. त्यात दोन ओळींत २४ डबल रोलर जिन, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं. हायड्रॉलिक प्रेस एक. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. जवळची अग्निशमन गाडी नगर परिषदेची, २२ किलोमीटरवर. रस्ता मोकळा मिळाला तरी ती यायला अर्धा तास धरायचा. म्हणजे पहिली पाच मिनिटं आवारातल्या माणसांच्या आणि आवारातल्या साधनांच्या भरवशावर.

साधनं कमी नव्हती. एकूण १८ अग्निशामक: सहा किलोचे एबीसी (घन, द्रव आणि वायू अशा तिन्ही आगींसाठीच्या) पावडरचे १६ आणि साडेचार किलोचे कार्बन डायऑक्साइडचे दोन. पावडरच्या सगळ्या सिलिंडरांचे दाबाचे काटे हिरव्या पट्ट्यात, सगळ्या अठरांवर रिफिलची ताजी चिठ्ठी. तपासणीला आलेल्या माणसाला बोट ठेवायला जागा नव्हती.

काय घडलं

जानेवारीतली दुपार. कापसासोबत आलेला एक नट वरून खाली आला, ठिणगी उडाली आणि नवव्या जिनच्या तोंडाशी असलेल्या कापसाने पेट घेतला. तिथली रेजा, म्हणजे मजूर बाई, ओरडली, "अवो भाऊ, पाहा, धूर निंगून राह्यला!" फिटरने दाराजवळचा पावडरचा सिलिंडर आणला आणि मारला. दोन-तीन सेकंदांत ज्वाळा गायब. हॉलभर पांढरा धुरळा उठला, सगळ्यांनी हुश्श केलं. जिन पुसून घेतलं आणि दहा मिनिटांत मशिनरी पुन्हा सुरू झाली.

पाऊण तासाने पाला हाऊसमधून धूर दिसला. जिनमधून निघालेली रुई पंख्याच्या ओढीने पाइपातून पाला हाऊसमध्ये जाते. त्या ओढीसोबत धुमसणारा निखाराही गेला होता. इथे घाबरून दुसरा सिलिंडर अगदी जवळून, हातभर अंतरावरून मारला. पावडरच्या झोताने रुईचा ढीग फुटला आणि निखारे चार ठिकाणी विखुरले. शेवटी ती आग बादल्यांनी आणि बागेच्या नळीने विझली. पावडर मिसळलेली रुई वेगळी काढावी लागली, तिचा भाव पडला.

तिसरा अंक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोदामात झाला. थप्पीतल्या एका गाठीच्या बाजूला तपकिरी डाग पडला होता आणि जळकट वास येत होता. गाठ आग लागली त्याच दुपारी दाबलेली होती.

पावडरने ज्वाळा गेली, आग राहिली

एबीसी पावडर म्हणजे मुख्यतः मोनो अमोनियम फॉस्फेट. ज्वाळेतली साखळी प्रक्रिया ती तोडते, म्हणून ज्वाळा झटकन पडते. तापलेल्या लाकडावर ती वितळून थर धरते आणि हवा अडवते. पण लाकडाला सलग पृष्ठभाग असतो, रुईला नसतो. रुईच्या ढिगात तंतूंपेक्षा हवाच जास्त. पावडर वरच्या दोन बोटांच्या थरात अडकते, आतला निखारा आपल्या जागी धुमसत राहतो, कारण त्याला लागणारी हवा तंतूंमध्येच भरलेली असते. पावडर थंड करत नाही, आणि कापसाची आग थंड केल्याशिवाय विझत नाही.

कार्बन डायऑक्साइडचं त्याहून वाईट. तोही थंडावा देत नाही म्हटलं तरी चालेल. उघड्या हॉलमध्ये वायू पांगला की आग परत उठते, आणि त्याचा झोत सुटी रुई उडवून देतो.

कापसाला पाणी लागतं, पण साधं पाणीही पुरत नाही. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो. नव्या रुईच्या पुंजक्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा, तो मोत्यासारखा वरच बसतो. म्हणून पाण्याला भिजवण्याची ताकद देणारं द्रव्य हवं. मेकॅनिकल फोमच्या ९ लिटरच्या सिलिंडरमध्ये एएफएफएफ नावाचं जे द्रावण असतं, ते हेच काम करतं: पाण्याचा पृष्ठताण कमी करतं आणि पाणी रुईत शिरतं. दुकानातली कपडे धुण्याची पावडर पाण्याच्या सिलिंडरमध्ये ओतणं हा त्याला पर्याय नव्हे. सिलिंडर आतून गंजतो, झडप चिकटते. सिलिंडरमध्ये काय भरायचं ते उत्पादकाने लेबलवर लिहिलेलंच असतं, तेवढंच भरायचं.

म्हणून हॉल, पाला हाऊस आणि गोदाम या तिन्ही ठिकाणी मुख्य साधन ९ लिटरचा मेकॅनिकल फोम ठरवला. पावडर काढून टाकली नाही, तिची जागा बदलली.

हॉलची मोजणी

अग्निशामकांची निवड, बसवणी आणि देखभाल यासाठी आयएस २१९० ही भारतीय मानकाची संहिता आहे. सिलिंडरपर्यंत जास्तीत जास्त १५ मीटर चालावं लागावं, हा हिशेब इथे धरला. हे अंतर पायी चालण्याचं आहे, नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं नाही, आणि चुका बहुतेक इथेच होतात. नकाशावर १५ मीटर रुंदीचा हॉल लहान वाटतो. प्रत्यक्षात दोन ओळींच्या मध्ये कन्व्हेयर आहे, तो ओलांडता येत नाही. पूर्वेच्या ओळीतल्या बाईला पश्चिमेच्या भिंतीवरचा सिलिंडर हवा असेल तर तिला हॉलच्या टोकापर्यंत जाऊन वळसा घालावा लागतो. हे अंतर टेपने मोजलं तेव्हा ३५ मीटरच्या वर भरलं.

म्हणून दोन्ही बाजू स्वतंत्र धरल्या. प्रत्येक लांब भिंतीवर तीन जागा: दोन दारांजवळ आणि एक मधोमध. असे सहा फोम. दाराजवळची जागा मुद्दाम घेतली. सिलिंडर घ्यायला माणूस दाराकडे धावतो, म्हणजे तो आगीपासून लांब जातो. परत आल्यावर त्याच्या पाठीशी दार असतं. आग आटोक्यात आली नाही तर सिलिंडर टाकून निघता येतं. पूर्वी चार सिलिंडर हॉलच्या आतल्या खांबांना अडकवलेले होते. तिथल्या माणसाला आग आणि दार यांच्या मध्ये उभं राहावं लागलं असतं.

भिंतीवर अडकवताना सिलिंडरचा तळ जमिनीपासून साधारण ७५ सेंटीमीटर वर. यामागे हिशेब आहे. ९ लिटरचा भरलेला सिलिंडर चौदा-पंधरा किलोचा असतो, आणि जिनच्या ओळीत बहुतेक रेजाच असतात. जुने सिलिंडर खुंटीला डोक्याच्या उंचीवर टांगलेले होते, कारण खालची जागा पोत्यांना हवी होती. डोक्यावरून पंधरा किलो उतरवताना हात सुटला तर पायावर येतो. जागेवर खाली एक मीटरचा चौकोन पिवळ्या रंगाने आखला आणि त्यात पोतं, झाडू, टोपली काहीही ठेवायचं नाही असं ठरलं. वर, कापसाच्या ढिगावरूनही दिसेल इतक्या उंचीवर, लाल पाटी.

जिनच्या विजेच्या मोटारींसाठी हॉलच्या दोन्ही टोकांना एकेक एबीसी ठेवला. चालू विजेवर फोम किंवा पाणी मारायचं नाही, हे फोमच्या पाटीखालीच मोठ्या अक्षरात लिहिलं. इंटरनेटवरून उतरवलेले आगीच्या वर्गांचे तक्ते भिंतीवर लावण्याआधी नीट पाहा. अमेरिकी तक्त्यात सी वर्ग विजेच्या आगीचा असतो. आपल्याकडे ए म्हणजे घन पदार्थ, बी म्हणजे द्रव आणि सी म्हणजे वायू.

आधी पंखा, मग सिलिंडर

जिनिंगमध्ये सिलिंडरला हात लावण्याआधी दोन कामं असतात. रुई ओढणारा पंखा आणि कन्व्हेयर बंद करायचा, मग त्या ओळीची वीज तोडायची. पंखा चालू असेपर्यंत तुम्ही जिनवरची आग विझवत असता आणि पंखा ती पाला हाऊसला पोचवत असतो. या जिनिंगमध्ये पंख्याचं बटण पॅनल रूममध्ये होतं, हॉलपासून २५ मीटरवर, आणि त्या खोलीला कुलूप. हॉलच्या दोन्ही दारांशी आपत्कालीन थांबाबटण बसवलं. खर्चाच्या मानाने यापेक्षा उपयोगी बदल या प्रकरणात दुसरा नाही.

त्यात एक अडचण निघाली. मेन स्विच पाडला की बोअरच्या पंपाची वीजही जायची, कारण पंपाची जोडणी त्याच पॅनलमधून होती. होज रील (चाकावर गुंडाळलेली पाण्याची नळी) भिंतीवर, टाकीत पाणी, आणि नळीला थेंब नाही. पंपासाठी मेनच्या आधीपासून वेगळी जोडणी घेतली, शिवाय एक डिझेल पंप. ग्रामीण भागात भारनियमन आणि वाऱ्याने तुटणाऱ्या तारा लक्षात घेता डिझेल पंप टाळता येणार नाही असं आमचं मत आहे. पाला हाऊसच्या दाराशी ३० मीटर नळीची होज रील आणि दोन फोम. इथे झोत लांबून, वरून पाऊस पडल्यासारखा सोडायचा. ९ लिटरचा सिलिंडर साधारण मिनिटभर चालतो आणि झोत सहा मीटरपर्यंत जातो, त्यामुळे जवळ जायची घाई नको. ज्वाळा गेल्यावर ढीग दाताळ्याने उलटायचा आणि काळा झालेला प्रत्येक पुंजका बाहेर नेऊन पाण्याच्या ड्रममध्ये बुडवायचा. कन्व्हेयरच्या खड्ड्यात कार्बन डायऑक्साइड मारून लगेच कुणाला उतरवू नका. तो हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात साचतो, माणूस गुदमरतो.

गाठ

आपल्याकडे रुईची गाठ १७० किलोची धरतात. दाबाखाली बांधलेली असल्याने आतली आग बाहेर दिसत नाही. निखारा आत अडकलेली गाठ कित्येक दिवस धुमसू शकते, आणि थप्पीत असेल तर शेजारच्या गाठींनाही घेऊन जाते. हॉलमध्ये आग लागली की तिच्या आधीच्या तासाभरात आणि नंतर दाबलेल्या सगळ्या गाठींना संशयित धरायचं. प्रेसच्या नोंदवहीत गाठीचा क्रमांक आणि वेळ दोन्ही लिहिलेले असतील तर हे पाच मिनिटांचं काम आहे. इथे फक्त क्रमांक होते, वेळ नव्हती. त्यामुळे कोणत्या गाठी बाहेर काढायच्या तेच कळलं नाही. आता वेळेचा रकाना वाढवला आहे.

संशयित गाठी गोदामाबाहेर, इमारतीपासून आणि एकमेकींपासून लांब, उघड्यावर ठेवायच्या. किमान आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ हाताने चाचपून, वास घेऊन पाहायच्या. गाठीला बांधलेले बंद, म्हणजे पट्ट्या, गोदामात कधीच कापायच्या नाहीत. बंद तुटला की दाब सुटतो, गाठ फुगते, आत एकदम हवा जाते आणि इतका वेळ धुमसणारी आग ज्वाळा होऊन अंगावर येते. आधी बाहेर न्या, नळी भरून हातात धरा, मग बंद कापा.

गोदाम ३० बाय २० मीटरचं. दोन दारं, प्रत्येकी दोन असे चार फोम, तेही दाराच्या बाहेरच्या बाजूला, छपराखाली. आत अडकवलेले जुने सिलिंडर हंगामात गाठींच्या थप्पीमागे गेले होते. ऑक्टोबरात रिकाम्या गोदामात जी जागा चांगली वाटते, ती जानेवारीत सापडतही नाही. भिंत आणि थप्पी यांच्यामध्ये माणूस चालेल इतकी मोकळी पट्टी चारही बाजूंनी आखून घेतली.

बाकीच्या जागा

प्रेसजवळ तेल आणि रुई दोन्ही. हायड्रॉलिकची नळी फुटली तर तेल बारीक फवाऱ्याने उडतं. इथे एक फोम, एक पावडर. डिझेल जनरेटरच्या शेडलाही तीच जोडी, पण शेडच्या बाहेर. पेटलेल्या जनरेटरच्या मागच्या भिंतीवरचा सिलिंडर कुणाच्याच हाती लागत नाही. गेटवर काट्याजवळ एक एबीसी, ट्रॅक्टर आणि पिकअपसाठी. ऑफिसात दोन किलोचा कार्बन डायऑक्साइड पुरे.

पॅनल रूममध्ये साडेचार किलोचे दोन्ही कार्बन डायऑक्साइड, एक दाराबाहेर, एक दाराच्या आत. पावडरही चालते, पण तिचा बारीक थर आणि दमटपणा मिळून पॅनलमधले रिले-काँटॅक्टर (वीज जोडणारे-तोडणारे भाग) खराब होतात. आग विझते, पॅनल मात्र बदलावं लागतं. या सिलिंडरांची आधीची जागा पत्र्याच्या शेडच्या पश्चिम भिंतीवर होती. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहत नाही आणि त्यापुढे आतला दाब झपाट्याने चढतो. विदर्भातला मे महिना ४५ अंशांच्या पुढचा. उन्हात तापलेल्या पत्र्याशेजारी सुरक्षा चकती फुटून सगळा वायू निघून जाऊ शकतो. या सिलिंडरला दाबाचा काटा नसतो, त्यामुळे तो रिकामा झाला आहे हे पाहून कळतच नाही. वजन करूनच कळतं. रिकामं वजन सिलिंडरवर ठोकलेलं असतं. भरलेला वायू दहा टक्क्यांहून जास्त घटला की रिफिलला पाठवायचा.

आवारात गंज्यांसाठी ५० लिटरचा चाकांचा फोम घेतला. तो आधी काँक्रीटच्या कडेला, मातीत उभा केला होता. काळ्या मातीत अवकाळी पावसानंतर चाकं रुतली, दोघांनी ओढूनही हलेना. आता तो काँक्रीटवर, दोन गंज्यांच्या मधल्या वाटेच्या तोंडाशी असतो. शिवाय २०० लिटरचे सहा ड्रम, प्रत्येकी दोन गोल बुडाच्या लाल बादल्या. बूड गोल असल्याने बादली जमिनीवर बसत नाही, म्हणून ती दुसऱ्या कामाला कुणी नेत नाही. गंजीवरून वीजवाहिनी जात असेल तर गंजीच हलवा. तिथे कोणतंही अग्निशामक पुरेसं नाही.

खरेदी, रिफिल आणि सराव

सिलिंडर घेताना आयएस १५६८३ आणि आयएसआय चिन्ह, उत्पादनाचं साल, आगीचा वर्ग हे अंगावर छापलेलं पाहा. पावडर घेताना मोनो अमोनियम फॉस्फेटचं प्रमाण ५० की ९० टक्के ते बिलावर लिहून घ्या. स्वस्तातल्या रिफिलचा फरक तिथेच असतो. पाणी, फोम आणि पावडरच्या सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी, कार्बन डायऑक्साइडची दर पाच वर्षांनी. पहिल्या तिघांचं आयुष्य दहा वर्षं, कार्बन डायऑक्साइडचं पंधरा. या हिशेबाने जुन्या सोळा पावडरींपैकी पाच मुदतबाह्य निघाल्या. त्यांच्यावरही रिफिलची ताजी चिठ्ठी होतीच.

फोमचं द्रावण कोणत्या पाण्यात कालवलं तेही विचारा. दर्यापूर-अकोटच्या खारपाण पट्ट्यात बोअरचं खारं पाणी भरलं तर सिलिंडर आतून पोखरतो.

महिन्यातून एकदा प्रत्येक सिलिंडर हातात घ्यायचा. जिन हॉलमध्ये रुईची धूळ काट्यावर आणि नोझलमध्ये दाबून बसते, ती साफ करायची. बंद हंगामात कुंभारमाशी नोझलमध्ये मातीचं घर करते, तार घालून पाहायचं. पावडर थरथरणाऱ्या मशिनीजवळ दबून गठ्ठा होते, सिलिंडर उलटासुलटा करून आत पावडर सरकल्याचा आवाज येतो का ते ऐकायचं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली परवानाधारक संस्थेचं प्रपत्र ब, म्हणजे अग्निसुरक्षेची साधनं चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. जुलैची तपासणी पावसाळ्यात, हॉल रिकामा असताना होते. म्हणून दसऱ्याआधी, मशिनरी सुरू होण्यापूर्वी, घरचीच एक फेरी वेगळी ठेवली.

सराव हंगामाच्या पहिल्या आठवड्यात घ्यायचा, कारण मजूर दरवर्षी बदलतात. रिफिलला जाणारे सिलिंडर फुकट रिकामे करू नयेत. आवारात थोडी खराब रुई पेटवून त्यांच्यावर रेजा आणि हमालांचा हात बसवून घ्यावा: पिन ओढायची, नळी धरायची, वारा पाठीशी ठेवून दाबायचं. पहिल्यांदा हातात घेणारा माणूस पिन न काढताच दांडा दाबत बसतो, हे दर सरावात दिसतं. पिन काढताना दांडा दाबलेला असेल तर ती निघत नाही, हेही तेव्हाच शिकवायचं. रिफिलला सिलिंडर पाठवताना एका भिंतीचे आधी, दुसऱ्या भिंतीचे ते परत आल्यावर. हॉल चालू असताना सहाही जागा एका दिवशी रिकाम्या करायच्या नाहीत.